चाळीस मिनिटांची सभा

दक्षिण नागपुरातील एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बरीचशी पुस्तके वाचकांच्या घरी आणि आम्ही आमच्या घरी, अशा अवस्थेत वाचनालयाला कुलूप लागले. पुस्तके कुठे पळून जाणार नव्हती. खरा प्रश्न होता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होणाऱ्या पुस्तकचर्चेचा. या चर्चेला येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची आणि त्यांतल्या काहींचा घराबाहेरच्या जगाशी तेवढाच संबंध उरलेला. एप्रिलची चर्चा बुडाली आणि महिनाअखेरीस एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला, ‘‘मॅडम, माझा नातू मोबाइलवर शिकून राहिला, अन् आपल्याला काऊन नाही जमत?’’ कार्यकारिणीजवळ याचे उत्तर नव्हते, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

ऑनलाइन सभेसाठी सॉफ्टवेअर निवडण्यात फार वेळ गेला नाही. ज्याचे खाते नाही अशा माणसालाही केवळ लिंकवर बोट ठेवून आत येता यावे, एवढीच माझी अट होती, आणि त्या हिशेबाने आम्ही झूम घेतले. विनामूल्य खात्यावर १०० माणसे आत येऊ शकतात, हे आमच्यासारख्यांना पुरून उरणारे होते; अडचण होती ती ४० मिनिटांच्या मर्यादेची. गुगल मीटच्या विनामूल्य खात्यावर आज ही मर्यादा ६० मिनिटांची आहे. पैसे भरून मर्यादा उठवण्याचा विचार मी बैठकीत मांडला, तेव्हा कोषाध्यक्षांनी विचारले की, शासनाकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाच्या हिशेबात हे मासिक भाडे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे. फर्निचर, वीज, पुस्तके, नियतकालिके ही शीर्षे मला पाठ आहेत; ‘सभेची मिनिटे’ हे शीर्ष त्यांत नव्हते. विषय तिथेच मिटला.

आपल्याकडच्या कार्यक्रमाची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना चाळीस मिनिटे म्हणजे काय हे सांगायला नको. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार आणि ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असे म्हणणारे अध्यक्ष हे सारे झाल्यावर वक्ता उभा राहतो, तोवर पाऊण तास सरलेला असतो. मेमधल्या पहिल्या सभेत आम्ही हीच घडण जशीच्या तशी पडद्यावर आणली. वक्त्यांना मिळाली अकरा मिनिटे, आणि अध्यक्षीय समारोप ऐन रंगात आलेला असताना चाळिसावे मिनिट संपून सगळ्यांच्या खिडक्या एकदम मिटल्या. अध्यक्षांचा पुढचा अर्धा दिवस असा समज होता की, मीच त्यांना मध्ये तोडले. त्याच लिंकने पुन्हा आत येता येते हे मी सर्वांना कळवले होते, परंतु मंडळी चहाला म्हणून जी उठली ती फिरून आली नाहीत.

पुढच्या सभेपासून मी कात्री चालवली. परिचय आणि वक्त्यांचे छायाचित्र आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर, आभार सभेनंतर व्हॉट्सॲपवर, सत्कार रद्द. एक मिनिट स्वागत, पंचवीस मिनिटे वक्ता, बारा मिनिटे चर्चा आणि दोन मिनिटे हाताशी. वाचकाचा वेळ वाचवा, हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पंचसूत्रीतले चौथे सूत्र मी परीक्षेसाठी कित्येकदा लिहिले होते. ते अमलात आणण्याची बुद्धी मात्र विनामूल्य खात्याच्या कंजूषपणामुळे झाली.

सर्वांत जास्त श्रम सॉफ्टवेअरवर नव्हे, तर वाचकांना आत आणण्यावर पडले. एकेकाला फोन करून शिकवायचे असे मी ठरवले आणि पहिल्याच फोनला लक्षात आले की, ज्या फोनवर शिकवायचे तोच फोन शिकायच्या कामाचा आहे. माझा फोन चालू असेपर्यंत सभेचा आवाज समोरच्याला येत नसे, आणि तो सभेत गेला की माझा फोन तुटत असे. शेवटी कुणाची सून, कुणाचा शेजारी, कुणाचा जुना लँडलाइन अशी दुसऱ्या फोनची सोय करून घेतली आणि मग शिकवणी सुरू झाली. नंदनवन भागातल्या एका आजींना आत येऊन पाच मिनिटे झाली होती, मी बोलत होते, हात हलवत होते, आणि त्या सुनेच्या फोनवरून मला सांगत होत्या, ‘‘अवं ताई, तुमचं तोंड हालून राहिलं, पण आवाज काही येऊन नाही राहिला.’’ आत आल्यावर इंटरनेटद्वारे आवाज जोडण्याचे एक वेगळे बटण दाबावे लागते, आणि ते न दाबता माणूस केवळ चित्र पाहत बसू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. माइक, कॅमेरा आणि आवाज जोडणे या तिन्हींच्या खुणा मी कागदावर स्केचपेनने मोठ्या काढल्या, खाली मराठीत काय करायचे ते लिहिले आणि त्या कागदाचा फोटो सर्वांना पाठवला. छापील सूचनापत्रकांपेक्षा तो कागद जास्त चालला. काहींनी तो प्रिंट काढून फ्रिजवर लावला.

डेटाचा प्रश्नही याच ओघात आला. दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यातला बराच नातवंडांच्या वर्गात संपलेला, आणि सभा संध्याकाळी. चांगल्या चित्रासाठी सेकंदाला साधारण १ मेगाबिट लागते, म्हणजे तासाला ४५० एमबीच्या घरात. नुसता आवाज ऐकायचा तर ६० ते ८० किलोबिटमध्ये भागते, म्हणजे तासाला फार तर ३६ एमबी. मोबाइलवरच्या झूममध्ये बोटाने पडदा उजवीकडे सारला की चित्र जाऊन फक्त आवाज उरतो. ही सोय गाडी चालवणाऱ्यांसाठी केलेली आहे. आमच्याकडे तिचा उपयोग पलंगावर आडवे पडून चर्चा ऐकणाऱ्या ज्येष्ठांनी केला, आणि रेडिओसारखे वाटते म्हणून तो त्यांना आवडलाही.

नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना वक्त्याला कूलर बंद करायला सांगणे हा अघोरीपणा आहे, आणि कूलर चालू असताना त्याचे भाषण ऐकणे हा दुसरा. सॉफ्टवेअर एकसुरी आवाज दाबण्याचा प्रयत्न करते, पण खसच्या ताट्यांचा तो मोठा कूलर दाबता दाबता वक्त्याच्या वाक्यांची शेवटची अक्षरेही गिळली जातात, आणि मराठीत क्रियापद तर शेवटीच येते. केले की नाही केले, हेच कळेना. त्यावर उपाय इतकाच सापडला की, वायरचा इयरफोन लावून त्याचा माइक तोंडाजवळ घ्यायचा आणि कूलर शेजारच्या खोलीच्या खिडकीला लावून मधले दार अर्धे उघडे ठेवायचे. याच्या उलट अनुभव आषाढात आला. एका बाईंनी पेटीवर कविता गायल्या, आणि लांबवलेला प्रत्येक स्वर सॉफ्टवेअरने गोंगाट समजून पुसून टाकला. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची निवड संगणकावरील सेटिंगमध्ये असते. ती चालू केल्यावर पेटी परत आली.

यानंतर १२ ऑगस्टचा प्रसंग सांगायला हवा. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त तो ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी आम्ही जुन्या नागपूरच्या छायाचित्रांवर एक कार्यक्रम ठेवला होता. नवीन माणसे यावीत म्हणून मी लिंक आमच्या फेसबुक पानावर टाकली. वक्त्यांना छायाचित्रे स्वतः दाखवता यावीत म्हणून आपला पडदा इतरांना दाखवण्याची (स्क्रीन शेअरची) मुभा सर्वांना दिली. ज्येष्ठ मंडळी प्रतीक्षाकक्षात, म्हणजे आत घेईपर्यंत थांबायच्या जागेत, अडकून गोंधळतात म्हणून तो मीच बंद केला होता. पासवर्ड होता, पण तो लिंकमध्येच गुंफलेला असतो, त्यामुळे ज्याच्या हाती लिंक त्याच्या हाती किल्ली. महाल भागातल्या वाड्यांची छायाचित्रे चालू असताना कुणीतरी आत आले, पडद्याचा ताबा घेतला, मोठ्याने गाणे लावले आणि त्यावर अचकटविचकट रेघोट्या ओढू लागले. मी सूत्रसंचालन करत होते. माझ्या लॅपटॉपवर निम्म्या पडद्यावर माझे टिपण उघडे होते आणि त्या माणसाला बाहेर काढण्याचे बटण नेमके त्याखाली दडले होते. मला ते मिनिटभर सापडले नाही. तेवढ्या वेळात शिक्षक सर माइक चालू करून ‘‘कोण आहे रे तो? बाहेर हो!’’ असे वर्गात ओरडावे तसे ओरडले, आणि खरे सांगायचे तर त्या मिनिटात सभेत शिस्त ठेवणारे तेवढेच एक होते. मी शेवटी सभाच बंद केली. यात दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. तीन कड्या मी माझ्या हाताने काढल्या होत्या.

त्या रात्री मी विचार केला की, सभागृहात कार्यक्रम असतो तेव्हा मी व्यासपीठावर असते आणि आमचे सहायक दाराशी असतात. कोण आले, कुणाला खुर्ची नाही, कोण दारू पिऊन आला आहे, हे ते पाहतात. ऑनलाइन कार्यक्रमात मी दाराची आणि व्यासपीठाची दोन्ही कामे एकटीकडे घेतली होती, कारण खाते माझ्या नावाचे होते. विनामूल्य खात्यावर यजमान, म्हणजे सभेचा ताबा असणारा माणूस, एकच असतो. सहयजमान नेमण्याची सोय पैसे भरणाऱ्यांना आहे. मग यजमान व्यासपीठावर कशाला हवा? आम्ही खाते सहायकांच्या लॅपटॉपवर उघडले आणि मी साधी सभासद म्हणून आत आले. प्रतीक्षाकक्ष पुन्हा सुरू झाला. नावनोंदणी गुगल फॉर्मवर, लिंक कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फक्त नोंदणी केलेल्यांना, आणि वक्त्यांची छायाचित्रे आदल्या दिवशीच मागवून ती सहायकांच्या लॅपटॉपवरून दाखवायची. पंधरा मिनिटे झाली की सहायक सभेला कुलूप लावतात. त्यानंतर आलेल्याने मला फोन करायचा.

दारावरच्या माणसापुढे एक अडचण अशी आली की, प्रतीक्षाकक्षात माणसे नव्हे तर फोन उभे असत. कुणाचे नाव ‘रेडमी’, कुणाचे ‘गॅलॅक्सी’, एका माजी उपप्राचार्यांचे ‘पिंकी डॉल’, कारण फोन नातीचा. सहायकांनी वहीत एक पान आखले आणि कोणता फोन कुणाचा हे दोन महिन्यांत पाठ केले. आत घेतल्यावर नाव बदलण्याची सोय यजमानाला असते, पण उपप्राचार्यांनी ते नाव राहू द्या, असे सांगितले.

आम्ही दोघे एकदा वाचनालयाच्या एकाच खोलीतून दोन लॅपटॉपवर बसलो तेव्हा अशी काही कर्कश शिट्टी उठली की, पहिली पाच मिनिटे त्यातच गेली. एका खोलीत एकाच यंत्राचा आवाज जोडलेला ठेवायचा, दुसऱ्याचा पूर्ण तोडायचा. नुसता माइक बंद करून भागत नाही.

मुलांची रविवारची गोष्ट हा प्रकार सप्टेंबरात सुरू केला. मुले दुसऱ्याच मिनिटाला पडद्यावर रेघोट्या ओढू लागली, आणि ऑगस्टच्या अनुभवाने मी दचकले. पण ती सोय मुलांसाठी मुद्दाम चालू ठेवली, कारण गोष्टीतला प्राणी सगळ्यांनी मिळून काढायचा हा खेळ त्यातूनच निघाला. प्रश्न पुस्तकाचा होता. प्रसिद्ध पुस्तकातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचून दाखवणे कायद्याला मान्य आहे. संपूर्ण गोष्ट वाचून, तिचे ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकणे ही निराळी बाब आहे आणि तिला हक्कधारकाची परवानगी लागते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन खुले होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांचे. आम्ही तिथून आरंभ केला. हयात लेखकांना मी पत्रे लिहिली, आणि ज्यांनी होकार दिला त्यांच्या गोष्टींचेच मुद्रण ठेवले. त्यातलेही एक मुद्रण मी घालवले, कारण सभा संपताच लॅपटॉपचे झाकण मिटले. विनामूल्य खात्यावर मुद्रण आपल्याच संगणकावर साठते आणि सभा संपल्यावर त्याचे व्हिडिओत रूपांतर व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ यंत्राला हात लावायचा नसतो.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे वाचन प्रेरणा दिनीच, राज्यातील ग्रंथालये उघडण्यास परवानगी मिळाली. सभागृहातल्या चर्चा मात्र बऱ्याच उशिरा सुरू झाल्या आणि तेव्हा नवाच पेच पडला. गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या सात-आठ जणांना घरूनच यायचे होते. अर्धी सभा सभागृहात आणि अर्धी पडद्यावर हा प्रकार दोहोंपेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगते. सभागृहात बसलेले एकमेकांत बोलतात आणि घरी बसलेल्यांना फक्त गलका ऐकू येतो. फिरता माइक हातात आल्याशिवाय कुणी बोलायचे नाही, असा नियम केला, आणि घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न आधी घ्यायचा असे ठरवले, नाहीतर त्यांची आठवण आभाराच्या वेळी होते.

लॅपटॉप टेबलावर ठेवला की वक्त्याची हनुवटी दिसते, म्हणून तो पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर चार जाड ज्ञानकोशांच्या थप्पीवर ठेवला जातो, आणि त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मागच्या महिन्यात वक्ते बोलायला उभे राहिले आणि त्या खुर्चीतून नंदनवनच्या आजींचा आवाज आला, ‘‘ताई, थोडं डावीकडे सरकवा बाप्पा, खांब येऊन राहिला मधात.’’ वक्ते थांबले, सहायक उठले आणि त्यांनी खुर्ची सरकवली.