पट्टी काढल्यानंतर

मी तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते. जन्मजात मोतीबिंदू असलेलं मूल कधीकधी आठ-दहा वर्षांचं झाल्यावर ऑपरेशनला येतं. पट्टी काढली की घरच्यांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, आता दिसतंय ना?" याचं उत्तर हो किंवा नाही असं का देता येत नाही, ते मला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या पवन सिन्हांची भाषणं ऐकताना उमगलं. दिल्लीच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयाबरोबर त्यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' उभा केला. अशा मुलांवर उपचार करायचे आणि मेंदू बघायला कसा शिकतो तेही समजून घ्यायचं, असं ते काम आहे.

1688 मध्ये डब्लिनच्या मॉलिन्यू या विद्वानाने तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाला गोल आणि घन हाताने ओळखता येतात, दृष्टी आली तर नुसतं बघून ओळखेल का? सिन्हांच्या गटाने 2011 मध्ये उत्तर छापलं. ऑपरेशननंतर नुकतंच दिसू लागलेली मुलं पाचच होती, 8 ते 17 वर्षांची. लेगोसारखा ठोकळा आधी हाताने चाचपायचा, मग दोन ठोकळ्यांतून तोच निवडायचा. पुन्हा हातानेच निवडताना 98 टक्के उत्तरं बरोबर आली, पण डोळ्यांनी निवडताना फक्त 58. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच! आणि ठोकळे दिसत नव्हते असंही नाही, कारण बघून बघण्याशी जोडताना 92 टक्के बरोबर होते. काही दिवसांतच मुलं हाताची ओळख डोळ्यांशी जोडू लागली, याचा मला फार आनंद होतो.

पण माझ्या रोजच्या कामाला भिडला तो सिन्हांच्याच गटाचा दुसरा प्रयोग. 29 वर्षांचा एक माणूस, डोळ्यांत जन्मापासून भिंगच नाही, चष्मा मिळाला तो या वयात. त्याला एकावर एक चढलेले वर्तुळ आणि चौकोन दाखवले, तर तो तीन तुकडे मोजायचा. मधला सामाईक भाग त्याच्या लेखी वेगळीच वस्तू! तेच आकार पडद्यावर हलवले की लगेच दोन दिसायचे. जे एकत्र हलतं ते एकच, हे मेंदूला आधी समजतं. दीडेक वर्षानंतर त्याला स्थिर चित्रांतलेही आकार बरेचसे सुटे करता येऊ लागले.

तेव्हापासून मी अशा मुलांपुढे नुसता तक्ता धरत नाही. टेबलावर पेला ठेवते, "काय आहे?" विचारते, मग तो हळूच सरकवते. मध्यंतरी एका मुलीने सावलीवरच बोट ठेवलं होतं, पेला सरकला तशी "हा!" म्हणून तिने बरोब्बर काठ पकडला. याने नंबर बदलत नाही, चष्मा लावावाच लागतो. पण आईला समोर उभं राहून हे बघता येतं, आणि घरी वाटी-चेंडू हलवून दाखवा, हातात द्या, नाव सांगा, हे मग वेगळं पटवावं लागत नाही.

शाळेतल्या बाईंना मात्र मी चिठ्ठी लिहून देते: फळ्यावरचं वाचायची घाई नको, पहिले काही महिने मुलाला वस्तू हाताळून बघू द्या.