आमची वाटचाल : काळ्या दिव्याखालची हळद

कुपवाड एमआयडीसीतली आमची शेड १९९८ ची. वडील किर्लोस्करवाडीला टर्नर होते. त्यांच्या फंडाच्या पैशातून एक जुनं लेथ घेतलं आणि पंपाचे बुश, स्लीव्ह असलं जॉबवर्क सुरू केलं. पहिल्या काही वर्षांचं सांगण्यासारखं फारसं नाही. काम होतं, त्याहून जास्त उधारी होती.

गाडी वळली ती मिरजेमुळं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. ऑक्सिजनच्या पाइपलाइनचे पितळी नोझल, नट, मॅनिफोल्डचे तुकडे तिथं कायम लागतात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर रात्री दोनला माणूस दारात उभा असायचा आणि कोमट तुकडाच घेऊन पळायचा. ऑक्सिजनला तेल चालत नाही, हे तोवर पक्कं कळलं होतं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल पेटायला काडी लागत नाही. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर पुढच्या बंद टोकाशी वायू दबून तापतो, हवा भरताना सायकलच्या पंपाचं बूड तापतं तसा. तेवढं पुरतं. आणि आमचा तर जन्म कुलंट आणि कॉटन वेस्टमध्ये गेलेला!

२०२२ मध्ये एका मोठ्या पुरवठादाराकडून चौकशी आली. गगनयान या भारताच्या मानवी अवकाश मोहिमेची हवा खेळती ठेवणारी यंत्रणा जमिनीवर तपासायची, त्या चाचणी-रिगसाठी म्हणजे तपासणीच्या मांडणीसाठी फिटिंग हवी होती. ड्रॉइंग एका पानाचं, अटी अकरा पानांच्या. गगनयानची योजना तीन जणांना ४०० किलोमीटरवर तीन दिवस न्यायची. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे तिघांचा तीन दिवसांचा हिशोब साडेसात किलोच्या घरात. दवाखान्यातल्या एका जंबो सिलिंडरमध्ये नऊ किलोच्या आसपास असतो. मग एवढा खटाटोप कशाला, असं मला वाटलं होतं. पण ऑक्सिजन देणं हा त्यातला सोपा भाग. प्रत्येक जण दिवसाला किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो तो काढायचा, श्वासाचा-घामाचा दमटपणा ओढून घ्यायचा, आणि हे बंद डब्यात, कुठंही न गळता. ही यंत्रणा बाहेरून मिळेल असं आधी वाटलं होतं, कुणी दिली नाही, म्हणून इथंच करतोय, असं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीर सांगितलं होतं.

दवाखान्याच्या कामाला आम्ही साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचो. इथं हेलियम वायूनं गळती मोजणारं यंत्र लागतं. गळतीची मर्यादा अशी, की एक घन सेंटिमीटर वायू निसटायला साडेअकरा दिवस लागले पाहिजेत. ते यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं, आजही नाही. प्रत्येक लॉट पुण्याला नेऊन तपासून आणतो.

पहिला लॉट ३६ नगांचा. तपासायला इंजिनिअर आले. लाइट बंद करून त्यांनी तेलाचे डाग शोधायला अतिनील दिवा लावला, आम्ही त्याला काळा दिवा म्हणतो. चौथ्या तुकड्यावर पिवळट हिरवा अंगठा चमकला. अख्खा, रेषांसकट.

“हे कुठलं ग्रीस वापरता?” त्यांनी विचारलं.

मी हाताकडं बघितलं. पाहुणे येणार म्हणून भडंग मागवलं होतं, त्यातलं मूठभर आधीच तोंडात टाकून मी “एकदा बघू या” म्हणून तुकड्यांची पिशवी उघडली होती. सांगलीची हळद काळ्या दिव्याखाली अशी उजळते हे मला त्या दिवशी कळलं. ३६ च्या ३६ परत. ऑपरेटरांना महिनाभर तेलावर भाषण देणारा मीच होतो, त्यामुळं कुणाला बोलायची सोय नव्हती.

मग शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली केली. तिथं बुधगावच्या दोन मावशी धुतात, पुसतात, पॅक करतात. बांगड्या नाहीत, केसाला तेल नाही, आणि मालकाला आत प्रवेश नाही.

त्याहून जड गेले ते कागद. कुठल्या बारचा तुकडा, हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) काय, कुठल्या मशीनवर, कुणी धुतला, ड्रॉइंगची आवृत्ती कुठली. आमचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, वैतागून म्हणाला, “मालक, आपण लेथ चालवायचं का तलाठी ऑफिस?” त्याला मी चंद्राकडं निघालेल्या अपोलो १३ या अमेरिकी यानाची गोष्ट सांगितली. १९७० मध्ये त्यातल्या ज्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला तिचे थर्मोस्टॅट २८ व्होल्टचे होते. तळावरचा पुरवठा ६५ व्होल्टचा ठरला, बाकीचं बदललं, पण हे स्विच जुन्याच मापाचे राहिले. जमिनीवर टाकी तापवताना ते चिकटून बसले आणि आतल्या तारांचं आवरण जळलं. आमच्यासारख्या खालच्या व्हेंडरच्या पोटात गोळा यावा अशी ती गोष्ट आहे. तेव्हापासून जुनं ड्रॉइंग सेटर स्वतः फाडतो.

२१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या सुटका-यंत्रणेचं चाचणी उड्डाण होतं. आमचा एकही तुकडा त्यात नव्हता, तरी मशीन थांबवून सगळे मोबाइलभोवती. उलटी गिनती पाचावर आली आणि तळावरच्या संगणकानं उड्डाण रोखलं. पोरं म्हणाली, “गेलं!” सेटर म्हणाला, “गेलं कुठं? नो-गो लागलाय, गेज आपलं काम करतंय.” नो-गो म्हणजे माप चुकलेला तुकडा अडवणारं आमचं गेज. दहाला यान उडालं. सुटका-यंत्रणेनं अंतराळवीर बसायची कुपी रॉकेटपासून ओढून काढली, ती पॅराशूटनं समुद्रात उतरली.

हे काम आमच्या उलाढालीत वीस रुपयांत एक रुपया असेल. पैसे नव्वद दिवसांनी येतात. घर अजून पंपावर आणि मिरजेवर चालतं. पाहुणे विचारतात, “तुमचं वर गेलं का?” मी सांगतो, आमचं खालीच असतं, रिगवर.

गेल्या लॉटला मावशींनी एक नग अडवला. थ्रेडमध्ये कापसाचा धागा होता, मला चष्मा लावूनही दिसेना. टेम्पो दारात उभा. मी म्हटलं, जाऊ द्या. त्यांनी काचेआडून नुसती मान हलवली. टेम्पो रिकामा गेला, माल दुसऱ्या दिवशी.