अंबाझरीचा हाताने काढलेला नकाशा : तिसरा टप्पा

मंडळी, नागपूरचा अंबाझरी तलाव, त्याच्या काठचे उद्यान आणि मागच्या बाजूचे जैवविविधता उद्यान यांचा पायी मोजून काढायचा नकाशा आता तिसऱ्या टप्प्यात आला आहे. पहिल्या टप्प्यात बांध झाला आणि दुसऱ्यात पाण्याची कड झाली. जानेवारीतल्या पाच रविवारी मी वरच्या अंगाला, म्हणजे जंगलातल्या वाटा आणि तलावाकडे उतरणारे नाले यांच्यामागे होतो. त्या कामाची ही नोंद आहे.

आधी मापाविषयी लिहितो, कारण मागच्या वेळी काहींनी तेच विचारले होते. मुख्य नकाशा १:५,००० या प्रमाणात आहे, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर २० सेंटिमीटर होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५५ ओ/४ क्रमांकाचा नकाशा आधाराला घेतला आहे, पण तो १:५०,०००चा असल्यामुळे त्यातून रूपरेषेपलीकडे फारसे काही मिळत नाही. शिवाय तो पश्चिमेला ७९ अंश रेखांशावर संपतो, आणि आपली नाग नदी लावा गावाजवळच्या ज्या टेकड्यांतून निघते तो भाग शेजारच्या ५५ के/१६ वर जातो. नदी एका कागदावर उगम पावते आणि दुसऱ्या कागदावर तलाव होते. बहुतेक नागपूरकरांच्या मनातही ती अशीच दोन तुकड्यांत असते, असे मला वाटते. म्हणूनच या नकाशात दोन्ही कागद जोडण्याचा आग्रह मी धरला आहे.

जोडताना प्रमाणाची अडचण आली. अंबाझरी उद्यान १९५८चे आहे आणि त्याचे क्षेत्र १८ एकर आहे. १:५,००० प्रमाणात त्याला जेमतेम २९ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे तळहाताएवढीसुद्धा नाही. मागचे जैवविविधता उद्यान साडेसातशे हेक्टरांच्या आसपास, म्हणजे उद्यानाच्या सुमारे शंभरपट असल्याने ते एकट्याने इम्पीरिअल आकाराचा अख्खा मोठा कागद व्यापते. लहानपणापासून ‘अंबाझरीला जाऊ’ याचा अर्थ आमच्या घरी हिरवळ, खेळणी आणि बांधावरची संध्याकाळ एवढाच होता. कागदावर आखल्यावर कळले, की आम्ही शंभरातला एकच भाग पाहत होतो. उद्यानासाठी आता १:१,०००चा वेगळा चौकोन कोपऱ्यात घालणार आहे. त्याचा तपशील अद्याप पेन्सिलीतच आहे.

या टप्प्यात एक चूक झाली आणि तिच्यात दोन रविवार गेले. माझी सपाटीवरची १३२ पावले म्हणजे १०० मीटर, हे मी पक्के करून ठेवले आहे. जंगलातून निघून बांधावरून परत येताना आखलेला फेरा कागदावर जुळेना, सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू यांत जवळपास ४० मीटरचे अंतर पडत होते. आधी चढावरच्या आखूड पावलांवर संशय घेतला. पुन्हा मोजले, तरी तोच फरक आला. शेवटी लक्षात आले, की काठावर मी होकायंत्र हाताला आधार म्हणून लोखंडी कठड्यावर टेकवून वाचत होतो. कठड्यापासून पाच पावले मागे सरून तीच दिशा पुन्हा घेतली, तेव्हा काटा आठ अंशांनी सरकला. ज्यांनी हे काम सुरू केले आहे त्यांनी लोखंडाजवळची प्रत्येक नोंद एकदा लांबून तपासून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आता इतिहासाकडे वळतो, कारण तो कळल्याशिवाय इथल्या वाटा अशा का आहेत हे उमगत नाही. अंबाझरीचा बांध मुळात भोसल्यांच्या काळातला. १८७०च्या आसपास इंग्रजी अमलात त्याची उंची वाढवून शहराच्या नळयोजनेसाठी तलाव मोठा करण्यात आला. या नागपूर जलपुरवठा योजनेचे अभियंते होते अलेक्झांडर बिनी. पुढे लंडनमध्ये थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा करणारे तेच. नागपुरात असताना त्यांनी केवळ बांधकाम केले नाही, तर शहराजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर पडलेला पाऊस आणि त्यातून प्रत्यक्ष वाहून आलेले पाणी १८६९ आणि १८७२ या वर्षी मोजून काढले. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘बिनीची टक्केवारी’ म्हणून जे कोष्टक आजही शिकवतात, ते या मोजणीतून आले आहे. एवढी मोठी गोष्ट आपल्या गावच्या मातीवर घडली आणि तिची साधी पाटीही माझ्या फेऱ्यांत कुठे दिसली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोष्टकाचे मर्म असे आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यातले १५ टक्केच वाहून तलावाकडे येते. १,१०० मिलिमीटर झाला, तर ४० टक्के येते. म्हणजे पाऊस निम्म्याहून थोडा कमी झाला, तरी वाहते पाणी ४४० मिलिमीटरवरून ७५ मिलिमीटरवर, साधारण सहाव्या हिश्शावर येते. पहिला पाऊस भेगाळलेली काळी माती आणि मुरूम पिऊन टाकतात. त्यांची तहान भागली की मगच नाले धावू लागतात. जंगलातल्या तिसऱ्या नाल्याच्या पात्रात बसून मी हे कोष्टक वहीत उतरवले, तेव्हा समोरच त्याचा पुरावा होता. तळाला काळा बेसॉल्ट उघडा पडलेला, त्यावर विटकरी मुरमाचा हातभर थर, आणि वर वितभर काळ्या मातीत बोरीची मुळे. हिवाळ्यात तिथे थेंब नव्हता, पण हातभर उंचीवरच्या बाभळीच्या काट्यांत पावसाळ्यात वाहून आलेले गवत अजून अडकलेले होते. त्या गवताच्या उंचीवरून पुराची रेषा नकाशात ठिपक्यांनी घेतली आहे.

हीच गोष्ट उलट बाजूने २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे शहराने अनुभवली. घरोघरी गणपती बसलेले होते, जमीन पावसाळाभर भिजलेली होती, आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तलाव ओसंडला आणि नागेचे पाणी खालच्या वस्त्यांत शिरले. नकाशात सांडव्यापासून खाली नदीचे पात्र मी इतर सर्व रेषांपेक्षा जाड काढले आहे, ते यासाठीच. फिरायला येणाऱ्याला हिरवळ कुठे आहे हे कळावे, तसे पाणी कुठून निघून कुठे जाते हेही कळले पाहिजे.

पाहण्यासारख्या जागांपैकी माझी आवडती जागा तलावाची वरची, पश्चिमेकडची उथळ कड आहे. सकाळी सातच्या सुमारास तिथे वारकरी पक्ष्यांचा थवा असतो, अधूनमधून टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते, आणि ओल्या चिखलावर धोबी शेपटी हलवत फिरतात. मात्र जलपर्णी पसरली की हा काठ पाण्यापासून तुटतो आणि पक्षी आत सरकतात. माझ्या पाच रविवारांत कड दोनदा बदलली, त्यामुळे ती तारखेसह दोन रंगांत दाखवली आहे. गवताळ माळ, त्यावरचे पळस आणि उंचवट्यावरून दिसणारे शहर हे नव्या माणसाने आधी पाहावे. वाटा पायी किंवा सायकलने दोन्ही प्रकारे होतात, पण मोजायचे असेल तर पायीच जावे.

पुढच्या टप्प्यात नदीबरोबर शहरात उतरायचे आहे. नागेकाठीच भोसल्यांचा महाराजबाग आहे. त्यातले प्राणिसंग्रहालय १८९४चे असून आज ते कृषी विद्यापीठाकडे आहे. अंबाझरी ते महाराजबाग हा पट्टा तिसऱ्या कागदावर बसेल असा हिशोब केला आहे. तोवर फाल्गुन येईल, आणि पळस फुलले की जंगलातल्या वाटांची शेवटची खातरजमा करून पेन्सिलीवर शाई चढवीन. माळावरच्या सतरा पळसांच्या जागा नोंदल्या आहेत; फुलल्यावर आणखी किती सापडतात, ते पुढच्या नोंदीत लिहीन.