द्राझेनच्या गल्लीत, पहाटे सहा वाजता

"लाकात! लाकात!" असं कुणीतरी जोरात ओरडलं आणि मी दचकून मागे बघितलं, तर कोर्टाच्या कडेला एक सत्तरीच्या पुढचे आजोबा उभे, एका हातात पावाची कागदी पिशवी, आणि दुसऱ्या हाताचं कोपर वर उचलून माझ्या मुलीला दाखवतायत. तिला काय कळायचं ते लगेच कळलं. तिने कोपर आत घेतलं, शॉट मारला, नेटमधून सुळकन गेला. आजोबांनी मान हलवली, पिशवी बाकावर ठेवली आणि आत आले. लाकात म्हणजे कोपर. अख्ख्या ट्रिपमध्ये शिकलेला हा एकमेव क्रोएशियन शब्द, आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

हे झालं शिबेनिकला. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं छोटं शहर आहे. तिथे जाणारे सगळे दोनच गोष्टींसाठी जातात, एक ते दगडी कॅथेड्रल आणि दुसरे क्रकाचे धबधबे. आमच्यासोबत जे दुसरं कुटुंब होतं त्यांनाही तेच बघायचं होतं, आणि मी जेव्हा म्हटलं की मला इथल्या बाल्देकिन वस्तीत जायचंय, तर "तिथे काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं द्राझेन पेत्रोविचचं, त्या बास्केटबॉलपटूचं घर होतं तिथे. "बास्केटबॉलसाठी एवढ्या लांब?" त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या. हे वाक्य मला लागलं. का लागलं ते सांगते.

मी नागपूरला वाढले. शाळेनंतर रोज संध्याकाळी ग्राउंडवर. आमच्या सरांकडे एक जुनी फाइल होती, बाहेरच्या मासिकांमधून कापलेले फोटो चिकटवलेली, आणि त्यात जॉर्डन, मॅजिक जॉन्सन या अमेरिकन स्टार खेळाडूंच्या आधी, पहिल्या पानावर हा कुरळ्या केसांचा गोरा मुलगा, तोंड उघडं, दोन्ही हात वर. सर म्हणायचे, हा शाळेच्या आधी पाचशे शॉट मारायचा, तुम्ही पन्नास तरी मारा. आम्हाला त्याचं नाव धड उच्चारता यायचं नाही, ड्रेझन ड्रेझन म्हणायचो. १९९३ साली मी नववीत होते. जून संपता संपता शाळा सुरू झाली, पहिल्याच दिवशी सर ग्राउंडवर आले आणि म्हणाले ड्रेझन गेला. जर्मनीत, पावसात, हायवेवर, ७ जूनला. गाडीत झोपला होता. २८ वर्षांचा. त्या दिवशी सरांनी प्रॅक्टिस घेतली नाही, नुसते फ्रीथ्रो (फाउल झाला की रेघेवरून, कुणी न अडवता मारायचे एकेका पॉइंटचे शॉट) मारायला लावले, एकेकाला पन्नास. सर आता नाहीत. मग बास्केटबॉलसाठी एवढ्या लांब का, याचं उत्तर मी त्या बाईंना काय देणार होते?

झाग्रेबचे दोन दिवस छान गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. साव्हस्का रस्त्यावर ट्राममधून उतरलं की सिबोना क्लबचा तो उंच टॉवर दिसतो, खालच्या चौकाला द्राझेनचंच नाव, हॉललाही त्याचं नाव, बाहेर त्याचा पुतळा, बाजूला त्याचं म्युझियम. मुलगी पाट्या वाचून हिशोब करत होती. याच क्लबकडून १९८५ आणि १९८६ असे लागोपाठ दोन युरोपियन कप, आणि १९८५च्या ऑक्टोबरमध्ये लुब्लियानाच्या ओलिंपियाविरुद्ध एका मॅचमध्ये एकट्याचे ११२ पॉइंट, त्यात फ्रीथ्रो २२ पैकी २२. समोरच्या टीमने त्या दिवशी ज्युनियर पोरं उतरवली होती हे मला माहीत आहे, पण २२ पैकी २२ फ्रीथ्रोमध्ये समोर कोण आहे याने काय फरक पडतो हो. रिंग तीच, तू एकटा. नंतर १०६ नंबरची बस पकडून मिरोगोय स्मशानभूमीत गेलो, द्राझेनला तिथे पुरलंय. तिथे मी काही बोलले नाही आणि इथेही बोलत नाही.

शिबेनिकची बस मात्र दोन तास उशिरा सुटली, का ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, उन्हात बॅगांवर बसून राहिलो, विचारलं की खिडकीतली बाई नुसता खांदा उडवायची. पोचलो तेव्हा रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी बाकीचे धबधब्याला गेले (परत आल्यावर गर्दीबद्दलच बोलत होते) आणि आम्ही दोघी चढ चढून बाल्देकिनला.

बाल्देकिन म्हणजे देखणं काही नाही. जुन्या वस्तीतल्या चार-पाच मजली बिल्डिंगी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, तो जुना बास्केटबॉलचा हॉल, आणि एका बाकावर ब्राँझचा द्राझेन. स्टार झालेला नव्हे, पोरगाच. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी त्याच्या शेजारी दप्तर टाकून खेळायला गेलं होतं, लांबून वाटावं दोघं मित्र बसलेत. पुतळा असाच असावा असं मला वाटतं, त्याच्या बाजूला दप्तर टाकता आलं पाहिजे.

तर ते आजोबा. पंधरा मिनिटं मुलीला शिकवत होते, मनगट, गुडघे, आणि परत लाकात. मग मला खुणेनेच विचारलं कुठून, मी म्हटलं इंडिया, त्यांनी पुतळ्याकडे बोट केलं, भुवया उंचावल्या, म्हणजे याच्यासाठी? मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. मग कोपऱ्यावरच्या कॅफेत घेऊन गेले, तिथे त्यांचे दोन मित्र आधीपासून बसलेले, आणि कॉलेजात शिकणाऱ्या नातीला फोन करून बोलावून घेतलं, इंग्रजी बोलायला. कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत, तीन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी रागावले. तीन तास बसलो. तिथल्या लोकांचं कॉफीचं एक बरं आहे, एका कपावर दिवस काढता येतो, कुणी उठवत नाही.

मी विचारलं, अमेरिकेत गेल्यावर, न्यू जर्सीकडून खेळताना पाहायचात का? तिघांनीही हात झटकला. ते जगाला माहीत आहे, म्हणाले. आजोबा अॅल्युमिनियमच्या कारखान्यात होते, पहिली पाळी. पहाटे अंधारात इथून जाताना हॉलच्या आतून धप धप आवाज यायचा, एकच चेंडू, एकाच लयीत. आत कोण आहे हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. "तो आवाज आला म्हणजे मी वेळेवर आहे, नाही आला म्हणजे मीच लवकर निघालोय." नातीने हे भाषांतर केलं आणि ती स्वतःच गप्प झाली, बहुतेक तिनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

आणि मग आली ती १९८३ची ९ एप्रिलची रात्र. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियातच होता. युगोस्लाव्हियाची चॅम्पियनशिप, द्राझेनची, म्हणजे शिबेनिकची टीम शिबेन्का विरुद्ध सारायेव्होची बोस्ना, निर्णायक मॅच, याच हॉलमध्ये. एवढ्याशा गावाची टीम बलाढ्य क्लबांना हरवत इथवर आलेली. शेवटी बोस्ना एका पॉइंटने पुढे, ८२-८१, वेळ संपलेली, आणि रेफ्रीने फाउल दिला. द्राझेन १८ वर्षांचा. दोन फ्रीथ्रो.

इथे दुसरे आजोबा, ज्यांना चालायलाच काठी लागते, ते उठले. काठी टेबलाला टेकवून ठेवली, दोन खुर्च्या सरकवल्या, जागा केली, जमिनीवर बुटाने एक रेघ काढल्यासारखं केलं. चेंडू नाही, काही नाही. दोन-तीनदा टप्पा दिल्यासारखं केलं, गुडघे वाकले तेव्हा तोंडावर कळ दिसली, आणि हात वर गेला. मनगट खाली पडलं आणि तसंच राहिलं. कॅफेतलं कुणी हसलं नाही. पलीकडच्या टेबलावरचे लोकही बघत होते, काउंटरवरचा पोरगा कप पुसायचा थांबला. मग परत टप्पे, परत हात. ८३-८२. द्राझेनचे त्या रात्रीचे ४० पॉइंट. माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि ते आजोबा तिच्याकडे बघून असे हसले की मी तो फोटो काढला नाही याचं अजून वाईट वाटतंय, पण तेव्हा मोबाइल काढणं बरंही दिसलं नसतं.

"तुम्ही आत होतात?" मी विचारलं. दोघे म्हणाले हो. पहिले आजोबा, लाकातवाले, थोडं थांबून म्हणाले, "गावात ज्याला विचाराल तो म्हणेल मी आत होतो. मावतील का एवढे? मी बाहेर होतो. तिकीट नाही मिळालं." भिंतीला हात लावून उभे होते म्हणे. पहिल्या फ्रीथ्रोनंतर आतून जो आवाज आला तो हाताला जाणवला, मग एकदम शांतता, आणि दुसरा. बाकीच्या दोघांना हे माहीत नव्हतं! इतकी वर्षं ते समजत होते की हा आतच होता. काठीवाले आजोबा आधी चिडले, मग त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले.

रात्रभर गाव जागं होतं, बंदरावर गाड्यांचे भोंगे. आणि दुसऱ्या दिवशी फेडरेशनने निकाल रद्द केला. तो फाउल चुकीचा होता म्हणे, मॅच परत खेळा, नोवी सादला या. शिबेन्का गेली नाही. किताब बोस्नाला. फाउल होता की नव्हता यावर त्या तिघांत परत वाद सुरू झाला, त्यातला एक तर म्हणत होता की नव्हता! शिबेनिकमध्ये बसून! पण तिघांचंही एका गोष्टीवर एकमत, फ्रीथ्रो दोन होते आणि दोन्ही आत गेले, ते कुणाला रद्द करता येत नाहीत. मला हे इतकं पटलं.

तिसरे आजोबा फार बोलत नव्हते. त्यांनी फक्त एक आकडा सांगितला, २५-२३. बार्सिलोना, १९९२, ऑलिम्पिक फायनल, समोर जॉर्डन-मॅजिक-बर्डची ड्रीम टीम, आणि सुरुवातीला थोडा वेळ क्रोएशिया पुढे होती. मॅच ११७-८५ अशी हरले, द्राझेनचे २४, तो आकडा मी सांगितला, त्यांनी नाही. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, याच शिबेनिकवर तोफगोळे पडले होते, कॅथेड्रलच्या घुमटालाही लागलं होतं. "देश नवीन होता आणि आम्ही पुढे होतो," एवढंच म्हणाले. व्लादे दिवाचचा विषय मी काढला, युगोस्लाव्हियाच्या टीममधला द्राझेनचा सर्बियन मित्र, १९९०ला ब्यूनॉस आयर्सला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्यावर त्याने एका प्रेक्षकाच्या हातातला क्रोएशियाचा झेंडा हिसकावला आणि इतक्या जिवलग मित्रांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. टेबलावर शांतता. काढायला नको होता, पाहुण्याने असे विषय काढू नयेत. नातीनेच सावरून घेतलं, म्हणाली दिवाच नंतर झाग्रेबला येऊन द्राझेनच्या आईला भेटला होता. लाकातवाले आजोबा म्हणाले, "आईला भेटला ते बरं केलं."

निघताना त्यांनी ती पावाची पिशवी मुलीच्या हातात दिली. घरी बायको वाट बघत असेल म्हटलं तर म्हणाले परत आणतो. आम्ही तो पाव रात्री हॉटेलात नुसताच खाल्ला, कशाला काही लावावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठची बस होती. मुलगी, जिला पुण्यात शाळेसाठी उठवताना माझा घसा बसतो, ती साडेपाचला बूट घालून माझ्या पलंगापाशी उभी. आई, चल. परत तो चढ चढलो. कोर्टवर कुणी नव्हतं, उजाडायला नुकतीच सुरुवात. तिने पहिला टप्पा दिला आणि तो आवाज समोरच्या बिल्डिंगींवर आपटून असा परत आला की मी घाबरून म्हटलं अगं हळू, लोक झोपलेत. ती थांबली नाही. कोपर आत. धप, धप, शॉट. दहा-पंधरा झाले असतील आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. गाऊन घातलेल्या एक आजी. मी हात जोडून माफी मागायची तयारी केली. त्यांनी खाली बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून आत गेल्या.