तीन की आठ

गेल्या उन्हाळ्यात मोहोळ तालुक्यातील एका गावच्या जुन्या चावडीचे निर्लेखन मंजूर झाले आणि तिच्या जागी नवी इमारत उभी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. निर्लेखन म्हणजे इमारत आधी कागदावर मारणे. आयुर्मान संपल्याचा दाखला आणि निघणाऱ्या दगड-लाकडाची किंमत ठरली, की प्रत्यक्ष पाडणे हे चार दिवसांचे काम असते. चावडी आपल्याकडे असते तशीच होती. खाली घडीव काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि माळवद.

दर्शनी भिंतीवरचा नोटीस फलक काढला तेव्हा मागे दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असा संगमरवर निघाला. त्यावर चुन्याचे कितीतरी हात आणि शेवटी निळा ऑइलपेंट होता. मी ब्लेडने वरून खाली खरवडत गेलो. कोरलेली इंग्रजी अक्षरे उघडी झाली: या गावातून ४१ माणसे महायुद्धात गेली, १९१४-१९१९. पहिले महायुद्ध संपल्यावर सरकारने गावोगावी असे फलक बसवले होते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचा फलक तर प्रसिद्धच आहे. तेथील ४६ जण परतले नाहीत. त्यामुळे खालच्या ओळीत काय असणार हे मला ठाऊक होते: त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नेमके तेवढ्यात सोलापूरहून आढावा बैठकीचा निरोप आला. आमच्याकडे कामापेक्षा कामाचा आढावा अधिक नियमितपणे होतो. मी मोबाइलवर एक छायाचित्र काढले आणि निघालो. त्या छायाचित्रात खालची ओळ अजून निळ्या रंगाखाली आहे.

असा फलक काढण्याची एक रीत असते. तो चुन्यात बसवलेला असतोच, शिवाय मागून लोखंडी आकडे घालून त्यांत शिसे ओतलेले असते. शंभर वर्षांत लोखंड गंजते, गंज फुगतो आणि संगमरवराला आतून केसाएवढी चीर पाडतो. म्हणून फलकाला हात न लावता भोवतालचा दगड छन्नीने एकेक करून सोडवायचा, पुढे फळी लावून गोणपाटाने बांधायचे, आकडे करवतीने कापायचे आणि फलक मागच्या चुन्यासकट उचलायचा. दोन माणसांचा एक दिवस जातो. हे मी मुकादमाला समजावून सांगितले होते आणि त्याने मानही हलवली होती. परंतु अंदाजपत्रकात अशी बाब नव्हती, आणि ज्या बाबीला दर नाही ती ठेकेदाराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मी परतलो तेव्हा ब्रेकर चालून गेला होता. फलकाचे दोन तुकडे झाले होते आणि चीर खालच्या ओळीतून गेली होती.

मृतांचा आकडा एकअंकी होता. त्याचा उजवा अर्धा भाग, एकाखाली एक अशा दोन गोलाव्या, शाबूत होता. डाव्या भागाचा चुरा झाला होता. तीन आणि आठ यांतला फरक सगळा डावीकडे असतो. राबिट ट्रॉलीतून पाणंदीवर गेले होते. तेथे जाऊन मी वाळूच्या चाळणीने दोन संध्याकाळ ते चाळले. संगमरवराच्या कपच्या मिळाल्या. अंकाची कड असलेली एकही मिळाली नाही.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहिल्या. त्यांत पुष्कळ शिपायांपुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असतो, परंतु स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. सोलापूर तेथे ‘शोलापूर’ आहे. मला चार जण सापडले, त्यांतले दोघे बहुधा याच नावाच्या दुसऱ्या गावचे. शिवाय आयोग ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतो आणि फलक १९१९ ला थांबतो, त्यामुळे हिशेब जुळण्याची आशाच नव्हती. चौघांचीही नोंद इराकमधील बसरा येथील स्मारकावर होती. १९२९ मध्ये उघडलेल्या त्या स्मारकाच्या शिळांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या होती.

सरपंचांचे म्हणणे आठ. “साहेब, आठच हायती. मी लहानपणी वाचलंय,” असे ते म्हणाले, मात्र ते लहान असताना त्यावर नोटीस फलक होता की नव्हता, हे कोणालाच सांगता येईना. शेजारच्या गावात सात आहेत, हेही त्यांनी ओघात सांगितले. गावातल्या एका आजींना आकड्यात रसच नव्हता. त्यांच्या सासरचा एक पुरुष बसऱ्याला गेला तो आलाच नाही, तिथी कळली नाही, म्हणून सर्वपित्रीला त्याच्या नावाचे एक पान अजून वाढतात. त्यांनी त्याचे नाव सांगितले. माझ्या चौघांत ते नव्हते.

त्या दिवशी परतताना चार हुतात्मा चौकातून आलो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावे सोलापूरच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. ज्या सरकारने त्यांना फासावर चढवले, त्याच सरकारसाठी माझ्या फलकावरची माणसे मेली होती. त्यांची आठवण ठेवण्यात सोलापूरला अडचण वाटली असेल तर मला ते समजते. पण निदान मोजदाद तरी शाबूत होती, ती माझ्या कामावर गेली.

नव्या इमारतीच्या पडवीत दोन्ही तुकडे चुन्यात बसवले आणि अंकाची रिकामी जागा साध्या चुन्याने भरली. वरिष्ठ म्हणाले, “अंक टाकून मोकळे व्हा, बिलात काय फरक पडतो?” मी टाकला नाही. मोजमाप पुस्तिकेत लिहिले: संगमरवरी फलक, खंडित, नग १.

अंतिम मोजमापाला गेलो तेव्हा त्या चुन्यावर कोणीतरी काळ्या ऑइलपेंटने डावी बाजू पूर्ण केली होती. आठ. हात चांगला होता. गोलाई जुन्या कोरीव अंकाशी बेमालूम जुळवली होती. मी टर्पेंटाइन मागवले, मग थांबलो, छायाचित्र काढले आणि सही केली. कामाचा दोषदायित्व कालावधी अजून संपलेला नाही. तोवर तो रंग ठेकेदाराकडून पुसून घेण्याचा अधिकार मला आहे.