राजहंसगड ते कणकुंबी: जांभ्याच्या वाटेवर माउंटन बाइक

बेळगावात माउंटन बाइक घेणारे वाढलेत, पण त्यातल्या बऱ्याच सायकली काँग्रेस रोडच्या पुढं जात नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जी जमीन आहे, तिच्यासाठीच ही सायकल बनलीय. पावसाळा सरून भातकापणीला सुरुवात झाली की आम्ही दोघं मित्र राजहंसगड करून जांबोटीमार्गे कणकुंबीला जाऊन आलो, त्याचा हा वृत्तांत. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सायकलीबद्दल जरा जास्तच लिहितोय.

वडगाव सोडलं की येळ्ळूरपर्यंत काळं शिवार. बासमतीचा वास सकाळच्या दवात चांगला जाणवतो. इथली बांधावरची वाट कोरडी असेल तरच धरावी. ओली काळी माती टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) मधल्या फटीत अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, आणि काडीनं कोरून काढण्यापलीकडं इलाज नसतो. शंका असेल तर गपचूप डांबरी रस्त्यानं जावं.

गडाचा चढ डांबरी आहे, पण वळणांवर तीव्र आहे. माझी सायकल बारा गिअरची, पुढं पेडलपाशी एकच ३२ दात्यांची चेनरिंग (दातेरी चकती), मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा, १० ते ५१ दात्यांचा. मित्राची जुनी, पुढं तीन चेनरिंगची. त्याचा सगळ्यात हलका गिअर पुढं २२ आणि मागं ३४ दाते. पुढच्या दात्यांना मागच्यांनी भागून गणित करा: माझं गुणोत्तर ०.६३, त्याचं ०.६५. चढावर फरक जवळजवळ नाहीच! २०१२ मध्ये सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं एक्सएक्स-वन हा गिअरसंच आणून पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढून टाकला, तेव्हापासून एकच चेनरिंग ही शर्यतीतली रीत झाली. तिचा खरा फायदा उतारावर. दात आलटून पालटून रुंद-अरुंद असल्यामुळं खडबडीत वाटेवर चेन उडत नाही. पण निव्वळ चढासाठी जुनी सायकल विकून नवी घ्यायची गरज नाही, हे ठामपणे सांगतो.

वर सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही डांबर सोडलं आणि गुरांच्या पायवाटेनं खाली उतरलो. या सगळ्या प्रवासातला माझ्या आवडीचा भाग हाच. जांभा वरून घट्ट दिसतो, पण त्यावर सुटलेल्या बारीक खड्यांचा थर असतो. ब्रेक दाबला की चाक त्या खड्यांवरून सरकतं. अशा ठिकाणी महागडा सस्पेन्शन (धक्के झेलणारा) फोर्क तुम्हाला वाचवत नाही, टायर वाचवतो. २९ इंची चाक, २.३५ इंच रुंदीचा टायर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला); माझं वजन सत्तर किलोच्या आसपास, त्याला हवा पुढं २० आणि मागं २३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). एवढ्या कमी हवेत टायर दगडाच्या आकाराला दबतो आणि पकड सोडत नाही. ट्यूब असेल तर हवा इतकी उतरवता येत नाही. ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तेव्हा ट्यूबवाल्यांनी २८ ते ३० ठेवावी आणि उतार हळू करावा.

मधेच सरपण घेऊन चढणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, "काय ओ, सायकल इकडनं सोडतायसा काय? जावा की. खरं खाली वळणावर दगडं सुटलेत बघा." वळण त्यांनी सांगितलं तसंच निघालं. नेम डाव्या कडेनं धरा, उजवीकडं घळ आहे.

ब्रेकचंही इथंच कळतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ पासून डोंगरउताराच्या शर्यती व्हायच्या. तिथल्या जुन्या जाड सायकलींना मागच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, ब्रेक होते. एका उतारात हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर वेळी नवं भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीला रिपॅक, म्हणजे 'पुन्हा भरणं', असं नाव पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही माउंटन बाइक घडवणारी मंडळी तिथूनच पुढं आली. आज हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमुळं (तेलाच्या दाबानं पॅड रोटर या धातूच्या चकतीवर दाबणारे) तो त्रास गेला. पण जांभ्याची ओली लाल माती म्हणजे पॅडला सॅंडपेपरच. रेझिनचे पॅड ती झपाट्यानं खाते. धातूचे पॅड टिकतात, मात्र बसवण्याआधी रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असं छापलंय का ते बघा. स्वस्त सायकलींना बहुधा तसेच रोटर असतात.

देसूरला उतरून मच्छेमार्गे पिरनवाडीला आलो आणि जांबोटी रस्ता धरला. किणयेपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पुढं झाडी दाट होते आणि रस्ता वर-खाली होऊ लागतो. एका शेताच्या कडेला मित्राच्या मागच्या टायरात बाभळीचा काटा घुसला. काटा उपटला तसं ट्यूबलेस टायरात घातलेलं पांढरं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) फसफसत बाहेर आलं. चाक फिरवून भोक खालच्या बाजूला आणलं, दोन-तीन श्वासांत बंद! सीलंटमधलं लॅटेक्स भोकात जमून गोठतं. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून बघावं. पंक्चर कुणालाही चुकत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या माउंटन बाइक शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं, अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, तरी शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या कोरेट्झकीला मागं टाकून त्यानं सुवर्ण घेतलं. त्याला चाक बदलून देणारी माणसं उभी होती. आपल्याला जांबोटीच्या पुढं कुणी नाही, म्हणून प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी), एक जादा ट्यूब, पंप, चेनची जोडकडी आणि आपल्या सायकलीचा डिरेलर हँगर (मागचा डिरेलर ज्याला टांगतात तो तुकडा) एवढं पाठीवर हवंच. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही.

जांबोटीत पोटभर खाऊन, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. वाट वाकडी करून हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातला मारुती जरूर बघा. कणकुंबीला, म्हणजे मलप्रभेच्या उगमाशी, पोचेपर्यंत ऊन कललं होतं. माउलीच्या देवळासमोर बसलो, तेव्हा हाताचे तळवे बधिर झाले होते. डांबरावर टणक ठेवलेला फोर्क जंगलवाटेवर पुन्हा सैल करायचा राहू देऊ नका. १०० मिमी फोर्क तुमच्या वजनानं २० ते २५ मिमी दबला पाहिजे.

आजूबाजूला भीमगड अभयारण्य आहे. आत जाणाऱ्या वाटा कितीही खुणावोत, वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका. अस्वलं आहेत, आणि शांतपणे उतरणाऱ्या सायकलीची चाहूल त्यांना उशिरा लागते, म्हणून घंटी वाजती ठेवा. परतीचा रस्ता गोव्याच्या गाड्यांचा आहे. अंधारात त्या भरधाव येतात, तेव्हा कणकुंबीहून तीनच्या आत निघा. नाहीतर मुक्काम करा किंवा गाडी बोलावून सायकली मागं लादा. आम्ही गाडी बोलावली. सायकल लादताना डिरेलरची बाजू वर ठेवा आणि चाकं काढली असतील तर ब्रेक कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या भागात, पुठ्ठ्याचा तुकडा घाला. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन रोटर आत जात नाही.