पायाखालची नावं: बर्लिनमधला एक आठवडा

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

लेक्चर संपल्यावर थेट शार्लोटेनबुर्गला, मोम्सेनश्ट्रासेवर गेले. १९३८ मध्ये ९ नोव्हेंबरच्या रात्री नाझींनी जर्मनीभर ज्यूंवर हल्ले केले. दर वर्षी ती तारीख जवळ आली की बर्लिनमध्ये ठिकठिकाणी लोक बादल्या आणि फडकी घेऊन फुटपाथवर बसतात आणि श्टोल्परश्टाइन घासतात. श्टोल्परश्टाइन म्हणजे ठेचेचा दगड. सिमेंटचा दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा, आणि त्यावर नाझींनी छळलेल्या, मारलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल, कधी आणि कुठे नेलं, पुढे काय झालं. माणूस स्वतःच्या मर्जीने जिथे शेवटचा राहिला, त्या घराच्या दारासमोर तो बसवतात. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला सुरुवात केली. आज युरोपभरात असे एक लाखाहून जास्त दगड आहेत, त्यातले दहा हजारांहून जास्त एकट्या बर्लिनमध्ये. प्रत्येक अक्षर हातोडीने ठोकून उमटवलेलं असतं.

आमच्या गटाची सूत्रं एका निवृत्त शिक्षिकेकडे आहेत. सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला सत्तरीच्या बाईंना अरे-तुरे करणं जमत नाही, त्यामुळे इथेही त्यांना बाईच म्हणते. त्यांनी आधी काम नीट समजावून सांगितलं. तारेची घासणी अजिबात नाही, ओरखडे पडतात. ओल्या फडक्याने माती काढायची, पॉलिश लावून थोडा वेळ थांबायचं, मग स्पंजने गोल गोल घासायचं. घरी दिवाळीच्या आधी आजी पितांबरीने देव आणि समया उजळते, अगदी तसंच काम. आधी काळंकुट्ट पाणी निघतं, मग एका कोपऱ्यातून पिवळा रंग दिसायला लागतो आणि त्यातून अक्षरं वर येतात. माझ्या वाट्याला आलेल्या चौघांमध्ये सगळ्यात धाकट्याचं जन्मसाल १९३५ होतं, आणि नेल्याचं साल १९४२.

मंगळवार

कालपासून एक गोष्ट मनात खुपते आहे. नावांवरून लोक चालतात. सायकली जातात, कुत्री जातात. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायची सवय असलेल्या मुलीला हे बघवत नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, हा वाद इथेही आहे. म्युनिकने सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवायला परवानगीच दिलेली नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख यांचं म्हणणं असं की, ज्यांना एकदा तुडवलं त्यांना पुन्हा पायदळी का द्यायचं? दुसरी बाजू अशी की, वाचायचं तर वाकावं लागतं, आणि वाकणं म्हणजेच मान देणं.

मला पंढरपूरची नामदेव पायरी आठवली. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी देवळाच्या पायरीशी जागा मागून घेतली, आणि आज वारकरी त्या पायरीवर पाय न देता आधी तिच्यापुढे वाकतात. पण नामदेवांनी ती जागा मागितली होती. मोम्सेनश्ट्रासेवरच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून म्युनिकचं म्हणणं मला पोरकट वाटत नाही. तरीही आज दुपारभर बघत बसले होते. शाळेतून येणारी दोन मुलं थांबली, त्यांनी वाचलं, बोटांवर वय मोजलं, आणि दगडाला वळसा घालून गेली. भिंतीवर उंच लावलेली पाटी त्यांनी वाचली असती असं मला वाटत नाही. मी दगडांच्या बाजूची आहे.

बुधवार

दिवसभर लॅब. संध्याकाळी ओरानिएनबुर्गरश्ट्रासेवर सोनेरी घुमटाचं नवं सिनेगॉग पाहिलं. १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री जमावाने आग लावली, तेव्हा ओटो बेलगार्ट नावाचा पोलीस अधिकारी आडवा आला. ही संरक्षित वास्तू आहे, असा कायदा दाखवून त्याने जमावाला हाकललं आणि बंब बोलावले. पुढे बॉम्बहल्ल्यात इमारत जळालीच, पण त्या रात्री ती वाचली होती.

गुरुवार

काल रात्री चॅन्सेलर शोल्झनी अर्थमंत्र्यांना काढलं आणि सत्ताधारी आघाडी कोसळली. फुटपाथवर सगळे तेच बोलत होते. बाई मात्र फाइल घेऊन आल्या होत्या.

कुठल्या घरासमोर कुणाचा दगड लावायचा हे शोधून काढायचं काम बहुतेक वेळा त्या गल्लीतले रहिवासी, शाळेतली मुलं किंवा नातेवाईकच करतात. बर्लिनच्या ज्यूंना नेण्याआधी त्यांच्याकडून सोळा पानी फॉर्म भरून घेत, मालमत्तेचा. ते फॉर्म आज पोट्सडामच्या अभिलेखागारात आहेत. बाईंनी एकाची झेरॉक्स दाखवली. पलंग किती, गाद्या किती, पडदे, टॉवेल, चमचे, इस्त्री, स्त्रियांचे कपडे, पुरुषांचे कपडे, सगळ्याला रकाने. त्या घरातल्या बाईने सुवाच्य अक्षरात एकेक ओळ भरली होती. खुर्च्या सहा. उशा चार. हिवाळी कोट एक, जुना. जिथे काही नव्हतं तिथे रेघ मारलेली. पुढे हे सगळं सरकारजमा होई आणि लिलावात शेजारपाजारचे लोक विकत घेत. माणसं गेल्यावर राहिलेल्या वीज-गॅसच्या बिलांची वसुलीही त्याच मालमत्तेतून झाल्याचे कागद अशा फाइलींमध्ये सापडतात.

मला सगळ्यात जास्त राग या नीटनेटकेपणाचा आला. ओरडणारा जमाव समजू शकतो. पण कुणीतरी टेबलाशी बसून हे रकाने आखले, छापून घेतले, पानांना क्रमांक दिले.

शुक्रवार

एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, ग्रुनेवाल्डला गेले. आजूबाजूला बंगले, झाडी, फार सुंदर वस्ती. स्टेशनातच फलाट क्रमांक १७ चं स्मारक आहे. बर्लिनच्या ज्यूंना नेणारी पहिली गाडी इथून १८ ऑक्टोबर १९४१ ला पोलंडमधल्या लोड्झकडे सुटली. रुळांच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या आहेत, एकूण १८६, प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि कुठे नेलं ते. मार्च १९४५ च्या पट्टीवर अवघी अठरा माणसं. युद्ध हरल्यात जमा होतं, रशियन फौजा दाराशी आल्या होत्या, आणि तरीही अठरा माणसांसाठी व्यवस्था केली गेली. रुळांमधून आता बर्चची झाडं वाढली आहेत. ती मुद्दाम तोडत नाहीत, म्हणजे इथून पुन्हा गाडी सुटायची नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सव्वाचारनंतर अंधारच. प्रत्येक दगडाशी मेणबत्ती आणि पांढरं गुलाब ठेवलं, बाईंनी नावं वाचली. मला जी चार नावं दिली होती ती मीच वाचावीत असं त्या म्हणाल्या. उच्चार आदल्या रात्री पाठ केले होते.

आजच बर्लिनची भिंत पडल्याला ३५ वर्षं झाली. भिंतीच्या जुन्या रेषेवर लोकांनी रंगवलेली हजारो पोस्टरं लावली होती आणि सगळं शहर रस्त्यावर होतं. मी बेर्नाउअरश्ट्रासेवर गेले. तिथलं चर्च भिंतीच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यात, म्हणजे मृत्युपट्ट्यात, सापडलं होतं, ते पूर्व जर्मनीने १९८५ मध्ये उडवून दिलं. त्याच जागेवर आता माती धोपटून बांधलेली छोटी प्रार्थनागृहाची इमारत आहे आणि मातीत जुन्या विटांचे तुकडे दिसतात. बाजूला राय हे धान्य पेरलेलं, कोंब नुकतेच वर आलेले.

रविवार

बरेच दिवस राहिलेलं काम केलं. डालेमला जाऊन इह्नेश्ट्रासे २२ पाहिलं. इथे कैसर व्हिल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. १९२८ मध्ये इरावती कर्वे इथे ऑयगेन फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट करायला आल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, हे सिद्ध व्हावं अशी फिशरची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, असा संबंध दिसत नाही असं लिहिलं, आणि १९३० मध्ये पदवी घेऊन परत गेल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, गाइडच्या तोंडावर. रिपोर्टमध्ये प्रोफेसरला आवडेल तेच लिहायचा मोह किती असतो, हे मला रोज कळतं. त्याच संस्थेकडे पुढे आउशविट्झच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले याने मृतांचे अवयव पाठवले. दारापाशी तशी पाटी आहे.

घरी येऊन बाईंना फोन केला. डिसेंबरमध्ये त्या एका नव्या दगडासाठी पोट्सडामला फाइल बघायला जाणार आहेत, मलाही येऊ द्या म्हटलं. ये म्हणाल्या, पण फॉर्म जुन्या जर्मन वळणात भरलेले असतात, ते आधी शीक. संध्याकाळीच त्यांनी अक्षरांचा तक्ता मेल केला. छापून टेबलासमोर लावला आहे. डिसेंबरपर्यंत निदान आडनावं तरी लावता आली पाहिजेत.